संगीत नाटकाला पहिल्यांदा जाताय? मग नांदीच्या आधी पोचा

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो, इंजिनिअरिंग करतो, गाण्याचा कान चांगलाय त्याला, दिवसभर हेडफोन कानात. मागच्या महिन्यात रत्नागिरीत संगीत नाटक लागलं होतं म्हणून म्हटलं चल येतोस का, तर म्हणाला, "काकू, ते मधेच गाणं सुरू करतात आणि पंधरा मिनिटं आ आ करत बसतात तेच ना?" मला हसू पण आलं आणि थोडं वाईट पण वाटलं, कारण वीस-बावीस वर्षांपूर्वी मी पण अगदी हेच म्हणत होते. शेवटी आला तो. आणि येताना गाडीत मला पन्नास प्रश्न विचारले. त्यातले बरेचसे प्रश्न पहिल्यांदा जाणाऱ्या कुणालाही पडतील असे होते, म्हणून म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू.

सुरुवातीलाच एक सांगते, राग कळत नाही म्हणून जायचं टाळू नका. मला आजही भीमपलास कुठला आणि बागेश्री कुठला हे खात्रीने सांगता येत नाही, दर वेळी शेजारच्या माणसाला विचारते. काही अडत नाही. फक्त दोन गोष्टी पाळायच्या: नांदीच्या, म्हणजे सुरुवातीच्या गाण्याच्या, आधी खुर्चीत बसलेलं असायचं, आणि भैरवी, म्हणजे शेवटचं गाणं, संपेपर्यंत खुर्चीतून उठायचं नाही. बाकी सगळं जमतं हळूहळू.

मुळात हे असतं काय

नाट्यगीतांचा कार्यक्रम आणि संगीत नाटक ह्यात लोक गोंधळ करतात. नाट्यगीतांच्या कार्यक्रमात गायक बसून एकामागून एक पदं, म्हणजे नाटकातली गाणी, म्हणतात, मधे निवेदिका माहिती सांगते. संगीत नाटक म्हणजे पूर्ण नाटक, गोष्ट असते, सेट असतो, पात्रं असतात, आणि तीच पात्रं बोलता बोलता गायला लागतात. प्लेबॅक बिलकूल नाही, जो अभिनय करतो तोच गातो, तिथल्या तिथे. तीन तास उभं राहून, अंगावर शालू किंवा जरीचा अंगरखा चढवून, डोक्यावर फेटा, वर लाइटचा उकाडा, आणि त्यात तान घ्यायची. आपण कराओकेला दोन गाण्यात दमतो.

सुरुवात कधी झाली विचाराल तर ३१ ऑक्टोबर १८८० ही तारीख लक्षात ठेवा, त्या दिवशी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग केला, तोही पहिल्या चार अंकांचाच. मग १८८२ मध्ये 'सौभद्र' आलं आणि मग पुढची पन्नास वर्षं महाराष्ट्र ह्याच्यामागे अक्षरशः वेडा होता. तेव्हा नाटकं रात्रभर चालायची आणि 'सौभद्र'मध्ये शंभराच्या वर पदं होती. घाबरू नका, आता तेवढी नसतात! आता काटछाट करून तीन-साडेतीन तासांत बसवतात, पदं वीस-पंचवीस राहतात.

आणि आपल्या रत्नागिरीचा पण ह्यात हात आहे हं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात त्यांनी नाटकं लिहिली, त्यातलं 'संन्यस्त खड्ग' १९३१ साली रंगभूमीवर आलं, मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने केलं. आज रत्नागिरीतलं नाट्यगृह सावरकरांच्याच नावाचं आहे, आणि नव्वद टक्के शक्यता ही की तुमचं पहिलं संगीत नाटक तुम्ही तिथेच बघाल.

कुठलं नाटक निवडायचं

इथे चूक झाली की माणूस परत कधी फिरकत नाही, म्हणून जरा नीट सांगते.

पहिल्यांदा जाताना हलकंफुलकं निवडा. 'संशयकल्लोळ' लागलं असेल तर डोळे झाकून जा. देवलांचं नाटक, १९१६ चं, नवरा-बायको आणि प्रेमी एकमेकांवर संशय घेतात आणि गुंता वाढत जातो, बस. फाल्गुनराव म्हणून जो संशयी नवरा आहे ना तो आजही व्हॉट्सअ‍ॅपचं लास्ट सीन चेक करणाऱ्यांच्यातला वाटतो. 'सौभद्र' पण चालेल. अर्जुनाचं सुभद्रेवर प्रेम, बलरामाला तिचं लग्न दुर्योधनाशी लावायचंय, आणि कृष्ण मधे बसून सगळ्यांना नाचवतोय, अर्जुन संन्यासी बनून घरात येतो. म्हणजे गोष्ट आपल्याला माहिती, ताण नाही, त्यामुळे गाण्याकडे लक्ष देता येतं.

'कट्यार काळजात घुसली' हे १९६७ चं, दारव्हेकरांचं नाटक, संगीत अभिषेकीबुवांचं. ज्यांनी २०१५ चा सिनेमा बघितलाय त्यांना सोपं जातं कारण गाण्याच्या दोन घराण्यांचं भांडण डोक्यात असतं. पण एक, सिनेमातली सगळी गाणी नाटकात नसतात, काही सिनेमासाठी नवीन केलेली होती, ती शोधत बसू नका.

'एकच प्याला' पहिल्यांदा बघू नका असं माझं स्पष्ट मत आहे. नाटक थोर आहे, गडकऱ्यांचं आहे, सगळं मान्य, पण दारूपायी घर बुडतं आणि सगळं इतकं वाईट होत जातं की माझी मावशी इंटरव्हलला बसली ती वडा न खाताच बसली होती. नवीन माणसाने आधी हसत बाहेर यावं आणि रडायला पुढच्या वर्षी जावं.

कधी आणि कुठे लागतं

मुंबई-पुण्यासारखं दर रविवारी प्रयोग असं कोकणात नाही, त्यामुळे लक्ष ठेवावं लागतं. पावसाळ्यात जवळपास काही नसतं. दिवाळी झाली की सीझन सुरू, तो मे पर्यंत. रत्नागिरीत सावरकर नाट्यगृह, चिपळुणात इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र, मालवणात मामा वरेरकर नाट्यगृह, कणकवलीत आचरेकर प्रतिष्ठानचे कार्यक्रम, ह्या जागांवर नजर ठेवायची. रत्नागिरीत खल्वायनसारखी संस्था आहे जी स्वतः संगीत नाटकं बसवते, म्हणजे आपल्याच शहरातले शिक्षक, बँकवाले, डॉक्टर संध्याकाळी तालमी करून पदं म्हणतात.

ह्याशिवाय राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची संगीत नाट्य स्पर्धा असते. ही सगळ्यात भारी संधी. एकामागून एक दिवस वेगवेगळ्या गावच्या संघांची नाटकं आणि तिकीट अगदी नाममात्र, चहा-वड्याच्या पैशात नाटक होतं. क्वालिटी मात्र लॉटरीसारखी. एखाद्या दिवशी असा गळा ऐकायला मिळतो की रात्रभर झोप नाही, आणि दुसऱ्या दिवशी नारदाची दाढी गाता गाता निघते. मला दोन्ही आवडतं खरं सांगायचं तर.

बातमी कळते कशी? पेपरात छोटी चौकट येते, नाट्यगृहाबाहेर बोर्ड लागतो, आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे गावात कुणीतरी एक पेटी शिकवणारे सर किंवा बाई असतात त्यांना विचारायचं. त्यांना सगळं आधी कळतं कारण त्यांचाच कुणीतरी विद्यार्थी त्यात गात असतो.

जायच्या आधी अर्धा तास द्या, जास्त नको

नाटकाची गोष्ट आधी वाचून घ्या, इथे स्पॉयलर बिऑयलर काही नसतं. जुनी भाषा असते, "आर्यपुत्र", "प्राणनाथ", वाक्यं लांबलचक, गोष्ट माहिती असली की भाषा आपोआप कळायला लागते.

दुसरं म्हणजे त्या नाटकातली दोन किंवा तीनच पदं यूट्यूबवर ऐकून जा. का, तर ओळखीचं पद आलं की अंगावर काटा येतो, ती मजा वेगळीच, अनोळखी गर्दीत आपला माणूस दिसल्यासारखं होतं. पण सगळीच्या सगळी पदं ऐकून जाऊ नका. मी एकदा आठवडाभर जुन्या रेकॉर्ड घोटून गेले आणि मग तीन तास मनातल्या मनात "हे तसं नाही घेतलं, ती जागा सोडली" हेच करत बसले. समोरचा बिचारा जीव तोडून गात होता आणि मी त्याची तुलना सत्तर वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डशी करतेय. शिवाय त्या रेकॉर्डच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, म्हणून ती पदं आटोपशीर आहेत, स्टेजवर तेच पद आठ-दहा मिनिटं चालू शकतं.

तिकीट आणि सीट

व्यावसायिक कंपनीचा दौरा असेल तर हल्ली ऑनलाइन पण तिकीट मिळतं, पण आपल्याकडे अजून नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन प्लॅन बघून सीट घेणं हाच राजमार्ग. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा नकाशा, त्यावर भरलेल्या सीटवर फुल्या मारलेल्या असतात. खिडकीवरच्या माणसाला सरळ विचारा, ऑर्गन (साथीची, पायाने भाता मारायची मोठी पेटी) कुठल्या बाजूला बसणार आहे? त्याला माहिती नसेल तर सोडून द्या, पण माहिती असेल तर मधल्या भागातली पाचवी ते आठवी रांग घ्या आणि जमलं तर ऑर्गनच्या विरुद्ध बाजूला थोडं सरकून. त्यामुळे ऑर्गन वाजवणारा नीट दिसतो, आणि तो दिसणं का महत्त्वाचं ते पुढे सांगते. पहिली रांग मानाची असते पण मान दुखते, आणि स्पीकरच्या अगदी तोंडाशी बसलात तर तबला डोक्यात वाजतो. बाल्कनी स्वस्त आणि आवाज छान येतो, चेहरे मात्र दिसत नाहीत.

लहान मुलं न्यायची का? आठ-नऊच्या पुढची न्या. त्याच्या आतली नेलीत तर रांगेच्या कडेची सीट घ्या म्हणजे उठून जाता येतं. बाकीच्यांच्या गुडघ्यांवरून रडतं पोर घेऊन जाणं, ते पण ऐन आलापात, नको.

दिवस प्रयोगाचा

संध्याकाळचा प्रयोग असेल तर आधी थोडं खाऊन घ्या. पोटभर नाही, हलकं. पोटात भात गेला की दुसऱ्या अंकात विलंबित, म्हणजे संथ, पदाला डोळे मिटणार म्हणजे मिटणार, आणि आपल्याला वाटतं आपण तल्लीन झालोय पण घोरण्याचा आवाज शेजाऱ्याला येतो.

परतीचं आधी बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण प्रयोग वेळेवर सुरू होतो असं नाही आणि सुटायला साडेबारा पण होतात, तोवर शेवटची एसटी गेलेली असते आणि रिक्षा मिळत नाही. पावस, गणपतीपुळे, लांजा असल्या बाजूने येणारे लोक चार-पाच जण मिळून गाडी करतात. एकटे येणार असाल तर शहरात कुणाकडे तरी मुक्काम ठेवा, नाहीतर भैरवी सोडून पळावं लागतं.

एसी चालू असेल तर शाल, बंद असेल तर हातपंखा. दोन्ही पिशवीत ठेवा, आपल्याकडे काय निघेल सांगता येत नाही.

पिशवीवरून आठवलं, प्लॅस्टिकच्या कुरकुरणाऱ्या पिशवीत काही आणू नका. गोळ्या खायच्या असतील तर कागद आधीच काढून डबीत ठेवा. संगीत नाटकात गाता गाता मधे जी शांतता येते ना, सा लावून गायिका एक क्षण थांबते, त्यात चॉकलेटचा कागद उलगडायचा आवाज फटाक्यासारखा वाजतो.

तीन घंटा आणि नांदी

पहिली घंटा झाली की चहा संपवा. दुसरीला आत या. तिसरीला बसलेले असा. तिसऱ्या घंटेच्या आधी थोडं कान देऊन बसलात तर पडद्यामागून आवाज येतात, तबलजी हातोडीने ठोकून तबला सुरात आणतोय, टक् टक्, मग एक थाप, परत टक्. आपल्या दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्याचं चामडं, सारखी उतरते म्हणून त्याला जास्तच ठोकावं लागतं. कुणीतरी बारीक आवाजात सा धरून बघतंय. उदबत्तीचा वास येतो, नारळ फुटल्याचा आवाज येतो. मला हे नाटकाइतकंच आवडतं.

मग नांदी. नांदी म्हणजे सुरुवातीचं मंगलाचरण, सगळी पात्रं मिळून म्हणतात. 'शाकुंतल'ची "पंचतुंड नररुंडमाळधर" ही नांदी इतकी गाजली की बाकीच्या कार्यक्रमांत पण म्हणतात. नांदी का चुकवायची नाही विचाराल तर त्यात देवापेक्षा आपला फायदा जास्त आहे. बाहेरच्या हॉर्न, पार्किंग, ऑफिसच्या आवाजातून आलेला कान तीन-चार मिनिटांत सुरावर येतो. उशिरा आलेली माणसं बघा, पहिली वीस मिनिटं चुळबुळ करत असतात, त्यांचा कान लागलेलाच नसतो. आणि नांदीला टॉर्च मारत सीट शोधू नका प्लीज, मागे उभे राहा, संपली की मग या.

आता पद. इथे नीट लक्ष द्या

मी पहिलं संगीत नाटक आमच्या गावच्या उत्सवात बघितलं, आबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या शेजारी बसून. पहिल्याच पदाला गाणाऱ्याने लांब तान घेतली, मला वाटलं वा, आणि मी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. अख्ख्या मांडवात. आबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अगो थांब वाईच, त्याला खाली उतरू तर दे." मग पुढची दोन पदं त्यांनी माझ्या मनगटावर बोटाने ताल धरून दाखवला. तिथे मला सम कळली. पुस्तकातून कळली नसती.

तर सम म्हणजे काय. तबला एका चक्रात फिरतो, तीनताल असेल तर सोळा मात्रा, म्हणजे ठोके, झपताल असेल तर दहा, आणि चक्राची पहिली मात्रा ती सम. गाणारा कुठेही भटकून आला तरी पदाच्या ठराविक शब्दाला तिथे येऊन पोचतो. तुम्हाला मात्रा मोजायची गरज नाही. फक्त पदाची पहिली ओळ ऐकताना कुठल्या अक्षरावर जोर येतोय ते बघा. मग तो आलाप घेईल, ताना घेईल, तुम्हाला वाटेल हा आता हरवला, आणि मग ती पहिली ओळ परत येईल आणि त्याच अक्षरावर तबला आणि गळा एकदम आदळतील, आणि हॉलमधल्या सगळ्या माना एकदम खाली जातील. तिथे दाद. तिथे टाळी. किंवा नुसतं "वा". तुमची मान आपोआप हलली तर समजा तुम्हाला सम कळली, सर्टिफिकेट लागत नाही.

सगळीच गाणी अशी लांब नसतात. जुन्या नाटकांत साकी, दिंडी असे प्रकार येतात, ते अर्ध्या-एक मिनिटाचे, गोष्ट पुढे ढकलायला असतात. त्यात तान-बीन नसते, टाळ्यांची वाट बघत कुणी थांबत नाही, संवादासारखेच ऐकायचे.

आता ऑर्गनवाला. तो पायाने भाता मारतो आणि हाताने वाजवतो, म्हणून ऑर्गनला पायपेटी पण म्हणतात. त्याच्याकडे बघायला सांगितलं ते ह्यासाठी की पद येणार हे तुम्हाला त्याच्याकडून आधी कळतं. पात्र अजून बोलतच असतं, साधं गद्य, आणि त्याची बोटं पट्टीवर येतात, अगदी हळू सूर धरतो. आणि मग नीट ऐकलंत तर बोलणाऱ्याचं शेवटचं वाक्य पण हळूच त्या सुराकडे सरकायला लागतं, शेवटचा शब्द अर्धा बोललेला अर्धा गायलेला असतो, आणि पद कधी सुरू झालं कळतच नाही. हे ज्याला जमतं तो खरा गायक-नट. ज्याला जमत नाही तो वाक्य संपवतो, दोन पावलं पुढे येतो, माइकखाली उभा राहतो आणि गायला लागतो. आमच्या त्या शेजारच्या मुलाला जे "मधेच गाणं सुरू करतात" वाटत होतं ते ह्या दुसऱ्या प्रकारच्या लोकांमुळे. त्याला मी त्या दिवशी फक्त एवढंच सांगितलं होतं, ऑर्गनवाल्याच्या बोटांकडे बघ. दुसऱ्या अंकात तोच मला कोपराने ढोसून सांगत होता, "काकू, आता येणार."

अजून एक बघायची गोष्ट, जो गात नाही तो काय करतोय? सुभद्रा गात असते तेव्हा शेजारी दासी उभी असते, दहा मिनिटं. तिला गायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं पण नाही फारसं. चांगली नटी ते दहा मिनिटं ऐकते, खरंच ऐकते, तिच्या चेहऱ्यावर पद दिसतं. वाईट नटी प्रेक्षकांत कोण आलंय ते बघते.

वन्स मोअर द्यायचा का? द्या, पण मन मोठं असेल तेव्हाच, उगीच नाही. पूर्वी एकेका पदाला चार-चार वन्स मोअर पडायचे आणि मेलेलं पात्र उठून परत गाऊन परत मरायचं असं आबा सांगायचे, आता खरं खोटं तेच जाणे. हल्ली नाट्यगृहाची वेळ ठरलेली असते म्हणून बरेच नट नुसता नमस्कार करून पुढे जातात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आणि दर्दी लोकांच्या आधी ओरडू नका, ते एकदम पिनड्रॉप शांतता ठेवून बसलेले असतात तेव्हा समजायचं की पद अजून संपलेलं नाही.

मोबाईल

सायलेंट नाही, बंद. माझाच किस्सा. सायलेंट केलेला होता, पण अलार्म सायलेंटला पण वाजतो हे मला त्या दिवशी कळलं. रात्री साडेनऊला बीपीच्या गोळीचा अलार्म, सासूबाईंच्या गोळीचा, आणि ट्यून कोंबड्याची. नायिका विरहात. कोंबडा आरवला. नायिका बिचारी थांबली नाही, पण पुढच्या रांगेतले आजोबा मागे वळून म्हणाले, "उजाडलं वाटतं." तेव्हापासून मी पूर्ण बंद करते.

व्हिडिओ काढू नका, त्या स्क्रीनचा उजेड मागच्या पाच रांगांना दिसतो.

इंटरव्हल

वडा घ्या, चहा घ्या, पण कान उघडे ठेवा. संगीत नाटकाच्या इंटरव्हलला जी चर्चा चालते ती फुकट क्लास आहे. दोन म्हातारे हमखास भांडत असतात, एक म्हणतो आज आवाज बसलाय, दुसरा म्हणतो पट्टी वर घेतलीय म्हणून तसं वाटतं. जवळ उभं राहून ऐकायचं. विचारलंत तर आनंदाने सांगतात, फक्त एक धोका आहे, त्यांनी बालगंधर्वांपासून सुरुवात केली तर दुसरी घंटा ऐकू येणार नाही. ('बालगंधर्व' ही पदवी टिळकांनी दिली असं सांगतात, आणि टिळक रत्नागिरीत जन्मलेले, म्हणजे इथला म्हातारा बालगंधर्वांवर पण हक्क सांगणार हे धरून चाला.)

गावातलं नाटक असेल तर

नाट्यगृहात जे सांगितलं ते इथे अर्धंच लागू. रत्नागिरीच्या आसपासच्या गावांत देवळाचे उत्सव असतात, पालखी, भोवत्या (पालखीच्या देवळाभोवती फेऱ्या), कीर्तन, आणि मग रात्री नाटक. बोर्डावर नऊ लिहिलेलं असतं. कीर्तनकार रंगले तर अकरा धरा. तिकीट नाही, देवळासमोर मांडव, खाली ताडपत्री, त्यामुळे घरून सतरंजी आणि एक जाड चादर न्यायची, पहाटेचं दव पडतं. मागे टेकायला खांब मिळाला तर नशीब. ऑर्गन नसतो, साधी पेटी. मागचे पडदे रंगवलेले, राजवाडा, अरण्य, रस्ता, आणि ते दोरीने गुंडाळतात, मधेच एखादा अडकतो आणि अरण्यात राजवाड्याचा खांब लटकत राहतो.

इथे प्रेक्षक नटांना नावाने ओळखतात. रुक्मिणी आली की मागून "अगो ही आपली पोस्टातली" ऐकू येतं. ह्याला वैतागू नका, तो पण प्रयोगाचाच भाग आहे. इथे थोडं बोललं, उठून चहा पिऊन आलं तरी चालतं. पण पद सुरू झालं की गप्प, हा नियम इथेही आहे, आणि तो मोडणाऱ्याला गावातली एखादी आजी जागेवरच झापते.

एकदा आमच्याकडे ऐन पदात लाईट गेली. माइक बंद, सगळा काळोख, वर माडांची सळसळ आणि लांबून गाज. मला वाटलं आता थांबणार. पेटीवाला थांबला नाही. गाणारा आमच्याच गावचा, दिवसा आंब्याच्या पेट्या भरणारा, तो दोन पावलं पुढे आला एवढं पायातल्या घुंगरांवरून कळलं, आणि आवाज मोठा न करता तसाच गात राहिला. तीनेकशे माणसं असतील, एक खोकला नाही. कुणीतरी कंदील आणला तो स्टेजच्या कडेला ठेवला, त्यात त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. लाईट आली तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "घालवा रे परत!"

भैरवी

शेवटी सगळं गोड झालं की भैरवी होते. इथे अर्धे लोक चपला शोधायला उठतात, पार्किंगमधून आधी गाडी काढायची म्हणून. तुम्ही उठू नका. तीन तास गाऊन गळा तापलेला असतो, टेन्शन संपलेलं असतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात मोकळं गाणं तेव्हाच होतं. शिवाय खरं सांगू का, पार्किंग तेव्हाही जाम आणि दहा मिनिटांनीही जामच असतं.

पडदा पडला की वाटलं तर विंगेतून आत जाऊन भेटता येतं, आपल्याकडे कुणी अडवत नाही. नटांभोवती गर्दी असते, फोटो चाललेले असतात, तुम्ही तबला आणि ऑर्गनवाल्याकडे जा, तिथे कुणी नसतं. त्या मुलाला मी तेच करायला लावलं. ऑर्गनवाले काका घाम पुसत होते, ह्याने विचारलं की बोलणं संपायच्या आधी सूर कसा काय धरता, तर ते म्हणाले बस इथे, आणि त्याला स्टुलावर बसवून पाय भात्यावर ठेवायला सांगितलं. त्याने मारला पाय, फुस्स झालं, काही वाजलं नाही. परत मारला. मग एक सूर निघाला, वाकडातिकडा. तोपर्यंत टेम्पोवाला येऊन उभा राहिला होता, म्हणाला चला उचला, मला लांज्याला जायचंय अजून. मग ऑर्गन उचलायला चार माणसं लागतात, त्यातला एक हा झाला.